ठासणी, रंजक, काना : हातघडणीच्या बंदुकीची मराठी परिभाषा

आजच्या मराठी वाचकाला ‘रंजक’ हा शब्द केवळ विशेषण म्हणून परिचित आहे. कथा रंजक असते, व्याख्यान रंजक होते. मनाचे रंजन करणारे ते रंजक, इतकाच अर्थ त्याच्या मनात उभा राहतो. परंतु जुन्या मराठी युद्धवर्णनांत हाच शब्द नाम म्हणून येतो. तेथे रंजक भरतात, रंजक देतात, आणि रंजक भिजली की शिपाई निरुपाय होऊन तलवारीला हात घालतो. ही रंजक म्हणजे बंदुकीच्या किंवा तोफेच्या बुडाशी असलेल्या छिद्रापाशी ठेवलेली चिमूटभर बारीक दारू होय. बाहेरचा विस्तव प्रथम हिला लागतो आणि हिच्यातून तो आतल्या दारूपर्यंत पोहोचतो.

दुसरे उदाहरण यापेक्षाही बोलके आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आहे. त्यातील दुर्गप्रकरणात पावसाळ्यापूर्वीची कामे सांगताना तोफांना तेल व मेण द्यावे आणि त्यांचे ‘काने’ मेणाने भरून टाकावेत, असा आदेश येतो. भाषेच्या विद्यार्थ्याला ‘काना’ म्हटले की अक्षरापुढील उभी रेघ आठवते. काना, मात्रा, वेलांटी या परंपरेतच तो वाढलेला असतो. वास्तविक येथील काना म्हणजे वर सांगितलेले छिद्रच. तो उघडा राहिला तर पावसाचे पाणी नळीत उतरते, आतून गंज धरतो आणि ऐन वेळी तोफ मुकी राहते. शत्रूची तोफ निकामी करावयाची असेल तर याच कान्यात खिळा ठोकतात. एवढ्याशा छिद्रावर सबंध यंत्राचा जीव अवलंबून असतो, हे ज्याने पाहिले नाही त्याला अमात्यांच्या आज्ञेतील काळजी उमगणार नाही. तो ती एक किरकोळ कारकुनी सूचना म्हणून ओलांडून जाईल.

प्राचीन आणि मध्ययुगीन मराठी गद्याच्या संपादनात फारसी-अरबी शब्दांचे मूळ शोधण्याची परंपरा जुनी व भक्कम आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘राजव्यवहारकोशा’त स्वतंत्र शस्त्रवर्ग आहे, म्हणजे या शब्दांकडे शब्द म्हणून पाहण्याची दृष्टी सतराव्या शतकातच आली होती. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ यांनी अशा शब्दांचा मोठा संग्रह केला. तथापि शब्दाचे मूळ सांगणे वेगळे आणि तो शब्द हाताच्या कोणत्या हालचालीला बांधलेला होता हे सांगणे वेगळे. ‘बंदुकीचा एक भाग’ असा अर्थ दिला की कोशकाराचे काम उरकते, वाचकाचे उरकत नाही. ठासणीच्या बंदुकीची परिभाषा ही वस्तूच्या भागांची यादी नसून घडविणाऱ्याच्या आणि भरणाऱ्याच्या कृतींची भाषा आहे, आणि तिच्यातील बहुतेक शब्द त्या कृतींच्या क्रमात ठेवल्यावाचून नीट लागत नाहीत, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२

प्रथम घडणीचा विचार करणे सोयीचे होईल.

पश्चिम किनाऱ्यावर बंदूक घडविण्याचे कसब फार लवकर रुजले. १५१० मध्ये गोवे जिंकल्यावर अफोंसो द आल्बुकर्क याला तेथे तोफा आणि बंदुका घडविणारे कारागीर आयते मिळाले. १५१३ च्या अखेरीस पोर्तुगालच्या राजाला धाडलेल्या पत्रव्यवहारात गोव्याचे बंदूकगार बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे आहेत, अशी प्रशंसा त्याने केली. म्हणजे जिंकणाऱ्याने जिंकलेल्यांना ही विद्या शिकविली, असे सरळ चित्र काढता येत नाही. दोन्हींकडील हात एका भट्टीपाशी आले आणि त्यांतून हिंदी-पोर्तुगीज वळणाची एक बंदूक निघाली, असेच म्हणावे लागते. मराठीतील ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे शब्द पोर्तुगीजमधून आले, याची संगती येथे लागते. ‘बंदूक’ हा शब्द मात्र अरबीतून आलेला आहे. त्याचा मूळ अर्थ एक प्रकारचे कवचीचे फळ, त्यावरून गोळी, आणि गोळीवरून ती फेकणारे हत्यार. कन्नड व तमिळ यांनी तुर्की-फारसी ‘तुफंग’ या कुळातील शब्द उचलला आणि ‘तुपाकी’, ‘तुप्पाक्की’ अशी रूपे केली. मराठी त्या बाबतीत उत्तरेकडे झुकली.

नळी कशी घडवीत याचे तपशीलवार वर्णन अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त आहे. पूर्वी लोखंडाचा पत्रा वळवून त्याच्या कडा एकमेकींना भिडवीत. अशी नळी सांध्यावर फुटून वापरणाऱ्याच्याच जिवावर बेते. अकबराच्या कारखान्यात लोखंडाची पट्टी तिरकी गुंडाळून, वेढ्यावर वेढा चढवून, तापवून सांधण्याची रीत पडली. पीळ पडलेल्या या नळीला जोर एका सरळ रेषेत सापडत नाही, हे तिचे मर्म. नळी आतून गुळगुळीत करण्यासाठी एक चाक योजिले होते. एका गुराच्या फेऱ्यांवर ते चाले आणि एका वेळी सोळा नळ्या साफ होत. अबुल फझल उस्ताद कबीर आणि हुसैन या दोन कारागिरांची नावे देतो. कच्च्या लोखंडाचे वजन, लोखंड कोठून आणले, कारागीर कोण, जागा, महिना, वर्ष आणि अनुक्रम या गोष्टी नळीवर कोरल्या जात, असेही तो सांगतो. ग्रंथाच्या समाप्तीस लेखकाने आपले नाव, स्थळ आणि शक घालावा, तशीच ही पुष्पिका होय. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना तिचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

जयपूरला येणाऱ्या अभ्यासकाला या वर्णनाचा पडताळा जयगडावर घेता येतो. सवाई जयसिंगाच्या कारकीर्दीत १७२० मध्ये ओतलेली ‘जयवाण’ ही प्रचंड तोफ पाहण्यासाठी माणसे गडावर जातात, आणि तिच्यासमोर छायाचित्र काढून परततात. खरे पाहण्यासारखे आहे ते त्याच गडावरील तोफखान्यातील बैलांच्या बळावर चालणारे नळी कोरण्याचे यंत्र. आईनमधील चाकाचे ते थोरले भावंड म्हणता येईल. तोफ ओतीव असते आणि बंदुकीची नळी घडीव, हा भेद खरा. पण पोकळी सरळ आणि एकसारखी उतरविण्याची अडचण दोन्हींकडे सारखीच आहे, आणि कारागिराची कीर्ती तिच्यावरच ठरते. शहरातील सिटी पॅलेसच्या संग्रहालयात ‘सिलेहखाना’ या जुन्या नावानेच शस्त्रागार मांडलेले आहे. तेथील तोडेदार बंदुका आणि बारूददाने पाहताना भाषेच्या अभ्यासकाने नक्षीच्या मागे जाऊ नये. नळी कुंद्याला कशाने बांधली आहे, कान्याजवळची वाटी कशी बसविली आहे, तोडा धरणारा चिमटा कोणत्या बाजूने खाली येतो, या तीन गोष्टी पाहिल्या तरी बखरींतील कितीतरी वाक्ये आपोआप सुटतात.

हिंदी घडणीची तोड्याची बंदूक युरोपीय बंदुकीहून एका बाबतीत वेगळी असते. तिची कळ बाहेरच्या पट्टीवर नसून कुंद्याच्या पोटात, लाकडात कोरलेल्या खाचेत बसविलेली असते, आणि नळी खिळ्यांऐवजी चामड्याच्या वाद्यांनी, तारेने किंवा धातूच्या पट्ट्यांनी कुंद्याला आवळलेली असते. त्यामुळे अर्धे काम सुताराचे होते. लोहाराची ऐरण, भाता, घण आणि कानस, तशीच सुताराची पटाशी आणि रंधा. बलुतेदारांच्या परंपरागत यादीत लोहार आणि सुतार आहेत, बंदूकगार नाही. नांगराचा फाळ ठोकणारा आणि नांगराचे लाकूड तासणारा हे दोन हात एकत्र आले की गावात बंदुकीची दुरुस्ती होई. याचा भाषिक परिणाम उघड आहे. बंदुकीच्या भागांची नावे बाहेरून आली तरी तिच्यावरील कामाची क्रियापदे गावातलीच राहिली : तासणे, घासणे, ठोकणे, आवळणे, ठासणे. नामे परकी आणि क्रियापदे देशी, ही विभागणी मराठीच्या इतर व्यवसायपरिभाषांतही दिसते. येथे ती विशेष स्पष्ट आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात राहून गेलेला फ्रेंच प्रवासी बर्निये हा येथील कारागिरांच्या दारिद्र्याविषयी फार कडवट लिहितो. तोच पुढे असेही नमूद करतो की हे कारागीर उत्कृष्ट बंदुका आणि शिकारी बंदुका तयार करतात. त्याच्या साक्षीतील ही विसंगती नव्हे. पुरेशी हत्यारे नसताना, डोळ्यासमोरच्या नमुन्यावरून, एकेक बंदूक स्वतंत्रपणे घडविणे हीच या घडणीची रीत होती. म्हणून कोणत्याही दोन बंदुका सारख्या नसत; एकीचा भाग दुसरीला बसत नसे; आणि प्रत्येक बंदुकीला तिचा स्वतःचा गज, स्वतःचे माप लागे.

३

आता भरण्याचा क्रम पाहावयाचा. ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. प्रथम मापाची दारू, तिच्यावर बोळा, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा. आणि हे सर्व गजाने ठासावयाचे. यानंतर कान्यावर रंजक. शेवटी विस्तव : तोड्याच्या बंदुकीत जळती जामगी, चकमकीच्या बंदुकीत गारेची ठिणगी, टोपीच्या बंदुकीत घोड्याचा आघात. नेम धरावयाचा तो नळीच्या टोकावरील ‘माशी’वरून. सबंध क्रमात एकही पायरी गाळता येत नाही, आणि पायऱ्यांची अदलाबदल केली तर बंदूक उडत नाही.

या क्रमातील जवळजवळ प्रत्येक पायरी मराठीच्या बोलीत शिरलेली आहे. नळीत घातलेल्या दारूगोळीला ‘बार’ म्हणतात. फारसीत बार म्हणजे ओझे. तो भरतात, ठासतात आणि उडवितात. पुढे उडण्याच्या आवाजालाही बारच म्हणू लागले. लग्नाचा बार उडतो, जमला नाही तर बार फुसका जातो. तंबाखूचा बार भरणारा शेतकरी तर मूळ अर्थाच्या अगदी जवळ उभा आहे. चिमटीने माप घ्यावयाचे, चुना लावून मळावयाचे आणि गालात ठासून बसवावयाचे, ही कृती बंदूक भरणाऱ्याच्या कृतीशी ताडून पाहिली म्हणजे हा शब्द येथे विनोदाने आला असला तरी निष्काळजीपणाने आलेला नाही, हे पटते. ‘ठासून सांगणे’ यातही नुसता जोर नाही. सैल ठासलेला बार वाया जातो, म्हणून जागच्या जागी दाबून बसविण्याचा भाव त्यात आहे. ‘खडसावून सांगणे’ आणि ‘ठासून सांगणे’ यांतील फरक येथून समजतो. पहिल्यात ऐकणाऱ्यावर राग आहे; दुसऱ्यात म्हणणे पक्के बसविण्याचा आग्रह आहे.

वर्तमानपत्री मराठीत प्रश्नांची ‘सरबत्ती’ होते आणि आरोपांच्या ‘फैरी’ झडतात. सरबत्ती हा बंदुकांच्या बाराचा जुना शब्द. त्यातील ‘बत्ती’ म्हणजे विस्तव लावण्याची वात. ‘फैर’ हा इंग्रजी ‘फायर’चा अपभ्रंश, म्हणजे कंपनी सरकारच्या कवायतीबरोबर आलेला. दोन वेगळ्या युगांचे हे दोन शब्द आज एकाच बातमीत शेजारी बसतात आणि कोणालाही खटकत नाही. ‘चकमक’ हा मूळ तुर्की शब्द. आघाताने ठिणगी पाडणे हा त्याचा अर्थ, आणि त्यावरून दोन तुकड्यांत उडालेली किरकोळ झटापट. ‘दारू’ची कथा सर्वांत चमत्कारिक आहे. फारसीत दारू म्हणजे औषध. मराठीने त्यातून एकीकडे मद्य घेतले आणि दुसरीकडे स्फोटक चूर्ण; औषध मात्र ‘दवादारू’ या जोडशब्दापुरते उरले. हिंदीने स्फोटक चूर्णासाठी ‘बारूद’ हा शब्द वेगळा ठेवल्यामुळे तिला ही संदिग्धता फारशी जाणवत नाही. मराठी दप्तरातील ‘दारूखाना’ या शब्दाचे भाषांतर करणाऱ्याने येथे सावध राहावे हे उत्तम.

अर्थात प्रत्येक वाक्प्रचार बंदुकीकडे ओढण्याचा मोह आवरला पाहिजे. ‘चाप लावणे’ म्हणजे आळा घालणे; त्यातील चाप बंदुकीचा असावा असे वाटते खरे, पण बंदुकीचा चाप ओढला तर ती सुटते, आवरत नाही. पकडून धरणाऱ्या चिमट्याचा किंवा कमानीचा अर्थच तेथे जुळतो. ‘तोडा’ हा शब्द याहून अवघड आहे. पायातला दागिना तोडा आणि बंदुकीची पेटती दोरीही तोडाच. दोन्हींत पीळ आहे हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. तरी केवळ साम्यावरून व्युत्पत्ती उभी करणे हा आपल्याकडील हौशी भाषाशास्त्राचा जुना रोग आहे.

रंजकेच्या बाबतीत तुलना फार उद्बोधक ठरते. कधीकधी रंजक भडकून जळते, पण काना तुंबलेला असल्यामुळे आतला बार सुटत नाही. हिंदीत याला ‘रंजक चाट जाना’ म्हणतात. जणू बंदुकीने वरवरची दारू जिभेने चाटून घेतली आणि ती गप्प बसली. इंग्रजीत याच प्रसंगावरून ‘फ्लॅश इन द पॅन’ हा वाक्प्रचार निघाला, आणि क्षणभर चमकून विझणाऱ्या माणसाला तो लावतात. एकाच अपयशाकडे दोन भाषांनी किती निराळ्या नजरेने पाहिले! इंग्रजीने डोळ्यांना दिसलेला लखलखाट टिपला, हिंदीने यंत्राला तोंड आणि जीभ दिली. मराठीने ‘फुसका बार’ म्हणून तिसरीच गोष्ट पकडली, ती म्हणजे कानाला आलेली निराशा.

४

बंदुकीच्या नावांतही हाच प्रकार दिसतो, आणि लेखाच्या दृष्टीने हे स्थळ सर्वांत महत्त्वाचे आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत, रानडुकरांपासून आणि वानरांपासून शेती राखण्यासाठी परवान्यावर ठेवलेल्या तोंडभरणीच्या बंदुकीला ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, तशाच बंदुकीचे नाव ‘भरमार’ आहे. छत्तीसगड आणि झारखंड येथेही तेच नाव चालते. राजस्थानात, जयपूरकडे आणि मेवाडकडे, तिला ‘टोपीदार’ म्हणतात. वस्तू एक, नावे तीन. या तीन नावांत शास्त्रीय वर्गीकरण शोधणे व्यर्थ आहे. ती भरण्याच्या क्रमातील तीन वेगळ्या क्षणांची नावे आहेत. कोकणाने मधला क्षण घेतला, गजाने दाबण्याचा. पूर्वेकडील वनप्रदेशाने क्रमाची दोन टोके एकत्र केली, भर आणि मार. राजस्थानाने शेवटचा क्षण घेतला, काडीएवढ्या नळकांड्यावर तांब्याची टोपी चढविण्याचा.

टोपीचा हा क्षण इतिहासात उशिरा आलेला आहे. आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचा बंदुकीसाठी उपयोग करण्याचे स्वामित्वपत्र स्कॉटलंडमधील फोर्साइथ या धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये घेतले, आणि तांब्याची टोपी त्यानंतरच्या दोन दशकांत प्रचारात आली. म्हणजे ‘टोपीदार’ हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अलीकडे पलीकडे जाऊ शकत नाही. जुन्या म्हणून मानलेल्या एखाद्या पोवाड्यात किंवा बखरीच्या प्रतीत टोपीच्या बंदुकीचा उल्लेख आला तर तो भाग उत्तरकालीन समजण्यास हा सबळ पुरावा होईल. उलट ‘तोडा’ आणि ‘जामगी’ हे शब्द प्राचीनतेचा पुरावा मात्र ठरत नाहीत, कारण तोड्याच्या बंदुका हिंदुस्थानात युरोपच्या मानाने फार उशिरापर्यंत वापरात होत्या. गार आयात करावी लागे, कळ नाजूक असे, आणि गावच्या लोहाराला दुरुस्त करता येण्याजोगी बंदूक तोड्याचीच होती. जुन्या साधनाला चिकटून राहण्यात केवळ जडत्व होते असे म्हणणारे इतिहासकार हा शेवटचा मुद्दा विसरतात.

जयपूर आणि मराठे यांचा बंदुकीच्या संदर्भातील संबंध शब्दांपुरता नाही. २८ जुलै १७८७ रोजी जयपूरच्या आग्नेयेस तुंगा येथे महादजी शिंदे आणि सवाई प्रतापसिंग यांच्या फौजा भिडल्या. लढाईनंतर पगार थकलेल्या हिंदुस्थानी पलटणी महादजींना सोडून गेल्या आणि त्यांना माघार घ्यावी लागली. त्यानंतर द बॉइनच्या हाताखाली नवी कवायती फौज उभी राहिली. तिच्यासाठी आग्र्यास तोफा आणि बंदुका घडविण्याचा कारखाना सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराने चालविला. २० जून १७९० रोजी जयपूरच्या उत्तरेकडील पाटण येथे या फौजेने इस्माइल बेग आणि त्याचे राजपूत साथीदार यांचा पराभव केला. द बॉइनच्या फौजेत चकमकीच्या बंदुकांच्या तेलंगी पलटणी होत्या, तशाच तोड्याच्या बंदुका बाळगणाऱ्या नजीबांच्याही होत्या. एकाच छावणीत दोन युगांच्या बंदुका, आणि त्या हाताळणाऱ्यांत मराठी, हिंदी, फारसी, फ्रेंच बोलणारी माणसे. रंजक, जामगी, तोडा, कुंदा, गज, माशी-मक्खी हा शब्दसमूह मराठी आणि हिंदी यांत जवळजवळ समान आहे याचे आश्चर्य वाटू नये. तो ग्रंथांतून पसरलेला नाही. छावण्यांतून आणि कारखान्यांतून पसरलेला आहे, आणि त्याचे वाहक निरक्षर होते.

५

या शब्दांची नोंद आज कोठे आणि कोणाकडून घ्यावयाची हा प्रश्न सोपा नाही. अमेरिकेत तोंडभरणीची बंदूक हाताने घडविणे हा घरच्या कार्यशाळेत चालणारा प्रतिष्ठित छंद आहे. तेथे १९३३ पासून अशा बंदुकांच्या शौकिनांची राष्ट्रीय संस्था आहे. विल्यम्सबर्ग येथील वॉलेस गसलर या कारागिराने भट्टीपासून नक्षीपर्यंत एक बंदूक घडविली आणि १९६९ मध्ये त्या सर्व कामाचा चित्रपट निघाला. दहा वर्षांनी, १९७९ मध्ये, जॉर्जिया राज्यातील शाळकरी मुलांनी वृद्ध कारागिरांना प्रश्न विचारून सिद्ध केलेल्या ‘फॉक्सफायर’ मालेच्या पाचव्या भागात लोहारकाम आणि चकमकीच्या बंदुका यांचे विस्तृत वर्णन आले, तेही त्या कारागिरांच्याच बोलीत. लोकभाषेच्या संग्रहाचा हा एक आदर्श नमुना होय. कारागीर अभिमानाने बोलला, मुलाने ऐकले, आणि शब्द टिकला.

आपल्याकडे तसे होणे कठीण आहे, आणि त्याचे कारण भाषेबाहेरचे आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हत्यार बाळगणे परवान्याखाली आले. १९५९ च्या कायद्याचे पाचवे कलम परवान्यावाचून बंदूक घडविण्यास मनाई करते. इतकेच नव्हे तर ती दुरुस्त करणे आणि पारखणेही त्यात येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा घडणीची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली. जयपूरच्या तिलक नगरासारख्या वसाहतीत एखाद्याने घराच्या मागल्या खोलीत भाता आणि ऐरण मांडून हौसेने ठासणीची बंदूक घडवावयास घेतली तर अमेरिकेत ज्याला छंद म्हणतात त्याला येथे गुन्हा म्हणतील. कायद्याच्या हेतूविषयी येथे वाद घालावयाचा नाही. गडचिरोलीच्या जंगलात भरमार बंदुकीने काय केले आहे हे ज्यांना माहीत आहे ते असा वाद घालणार नाहीत. त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी तोंडभरणीच्या बंदुकीला परवाना देण्याची खास तरतूद आहे, हेही विसरता कामा नये. म्हणजे कायद्याच्या इंग्रजी मजकुरात या बंदुकीला स्वतंत्र नाव आणि स्थान आहे. पण तिचे बूड ठोकणाऱ्या, काना साफ करणाऱ्या, कुंदा तासणाऱ्या माणसाची भाषा मात्र कबुलीजबाबासारखी धोक्याची झाली आहे. संग्राहक वही घेऊन गेला की जाणता कारागीर म्हणतो, आपल्याला त्यातले काही कळत नाही. या उत्तराची नोंद ‘शब्द लुप्त’ अशी करणे ही संग्राहकाची चूक ठरेल. शब्द आहे, तो बोलण्याची सोय नाही.

गडचिरोलीत गावकऱ्यांनी आपल्याकडील भरमार बंदुका पोलिसांच्या स्वाधीन केल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत आल्या आहेत. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने हे योग्यच झाले. भाषेच्या अभ्यासकाला मात्र एक गोष्ट सुचवावीशी वाटेल. जमा झालेल्या बंदुकीचा पंचनामा होतो, त्यात नळीची लांबी आणि कुंद्याचे लाकूड लिहिले जाते. त्याच वेळी, देणाऱ्यावर कोणताही ठपका न येता, त्या भागांची त्याच्या बोलीतील नावे विचारून लिहून ठेवता आली तर गोंडी, माडिया आणि झाडीबोली यांच्या सीमेवरील एक सबंध शब्दसमूह हाती येईल. कोकणातील परवानाधारक शेतकऱ्यांकडे तर ही अडचणही नाही. त्यांची बंदूक कायदेशीर आहे, आणि निवडणुकीच्या काळात ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते तेव्हा ती तेल लावून, फडक्यात गुंडाळूनच नेतात.

विचारण्याची रीतही ठरवावी लागेल. ‘याला काय म्हणतात?’ असे भागावर बोट ठेवून विचारले तर उत्तर बहुधा ‘नळी’, ‘लाकूड’, ‘लोखंड’ इतकेच येते. ‘आधी काय करता? मग काय? भिजली तर काय होते? उडाली नाही तर तिला काय झाले म्हणता?’ असे क्रमाने विचारले म्हणजे शब्द कृतीबरोबर बाहेर येतात. अमात्यांच्या आज्ञेतील कानेही असेच, पावसाळ्याच्या तोंडावर करावयाच्या कामाच्या ओघात आलेले आहेत. तेथे त्यांची व्याख्या नाही. मेण कोठे भरावयाचे एवढेच सांगितले आहे.